तुटणारा खिळा

टिकाऊपणाचे आपल्याला फार कौतुक. भांडे घ्यायला गेलो तर आपण ते बोटाने वाजवून पाहतो, चादर घेताना दोन्ही हातांनी ताणून पाहतो, आणि मुलगी पाहायला आलेली मंडळीसुद्धा शिक्षण, रंग, उंची सगळे विचारून झाल्यावर हळूच विचारतात, "सोशीक आहे ना?" मोडण्यासाठीच म्हणून एखादी वस्तू कोणी विचारपूर्वक घडवीत असेल, ही कल्पना आपल्या मनाला शिवत नाही. आणि तरी अशा वस्तू आपल्या घरात असतातच. मीटरजवळच्या फ्यूजमधली ती केसासारखी तार पाहा. घरातल्या सगळ्या तारांत ती दुबळी, आणि ती दुबळी आहे म्हणूनच घराला आग लागत नाही. कुकरच्या झाकणावरची ती बटणाएवढी सुरक्षा-झडप पाहा. शिट्टीचे भोक तुंबले की झडप वितळते, वरण छताला जाऊन चिकटते, आणि कुकरजवळ उभी असलेली बाई वाचते. आपण मात्र छत पुसता पुसता त्या झडपेलाच नावे ठेवतो.

याच कुळातल्या आणखी एका वस्तूची ओळख मला गेल्या मे महिन्यात झाली. ती वस्तू म्हणजे एक खिळा. करंगळीहून बारीक, दोन इंचांच्या आत-बाहेर लांब. त्याला शिअर-पिन म्हणतात. बर्फ उडवणाऱ्या यंत्रात तो बसवतात, आणि त्याचे काम एकच: वेळ आली की तुटणे.

माझ्यासारख्या बाईचा आणि बर्फ उडवणाऱ्या यंत्राचा संबंध काय, असे कोणी विचारले तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेली, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत बालवर्गाला शिकवणारी बाई. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. बर्फ मी पाहिला तो रसवंतीच्या दारात, गोणपाटाखाली, लाकडी भुशात झोपलेला. अमेरिकेला गेले तीही उन्हाळ्याच्या सुट्टीत, तेव्हा तिथेही बर्फाचे दर्शन झाले नाहीच. लायलॅकची जांभळी झुडपे फुलली होती, हिरवळीवर खारी पळत होत्या, आणि या असल्या हवेत मी, माझी थोरली बहीण अक्का आणि दाजी असे तिघे गॅरेजमध्ये बसून हिवाळ्याची तयारी करीत होतो. पावसाळ्याची कौले जशी वैशाखात चाळायची, तसेच ते.

अक्काचे घर न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला, बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात आहे. न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. त्यांचा आणि या गावाचा काही संबंध नाही. इथे मोठी आहे ती ईरी सरोवराची सत्ता. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचे पाणी अजून उबदार असते आणि उत्तरेकडून आलेली कोरडी, थंडगार हवा त्याच्यावरून लांबच्या लांब वाहत येते. वाटेत ती पाण्याची वाफ पोटभर पिते आणि किनारा लागला की सगळे ओझे बर्फाच्या रूपाने टाकून देते. हा बर्फ सरसकट पडत नाही. त्याचा एक पट्टा असतो. पट्ट्याखालचे गाव गाडले जाते आणि थोड्या मैलांवरच्या गावात ऊन असते. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या भागांत चार दिवसांत सहा फुटांहून अधिक बर्फ पडला. लगेच पुढच्या महिन्यात, ऐन नाताळात, बफेलोवर जे हिमवादळ आले त्यात ४० हून अधिक माणसे गेली. काही मोटारीत अडकून, काही रस्त्यात, काही घरातली ऊब गेल्यामुळे आणि काही जण दारातला बर्फ फावड्याने उपसता उपसता, हृदय बंद पडून.

हे शेवटचे कारण आमच्या घरात महत्त्वाचे आहे. दाजींचे बायपासचे ऑपरेशन २०२१ साली झाले. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात, त्यात फावड्याचे ओझे एकदम हातांवर येते आणि हृदयाला दोन्हीकडून पेच पडतो. तेव्हा डॉक्टरांनी निक्षून सांगितले की यापुढे फावड्याला हात लावायचा नाही. आणि बर्फ काढल्याशिवाय तर तिथे गत्यंतर नसते. गाडी बाहेर निघत नाही, टपालवाला दारापर्यंत येत नाही, घरापुढच्या पायवाटेवर कोणी घसरून पडले तर बोल घरमालकाला लागतो. म्हणून दाजींचा सगळा भरवसा गॅरेजमधल्या त्या तांबड्या यंत्रावर. घर घेतले तेव्हा आधीच्या मालकाने ते घराबरोबरच दिले होते. तेव्हाही ते नवे नव्हते.

रस्त्यावरचा बर्फ उपसण्याऐवजी उडवून द्यावा ही कल्पना सुचली ती क्यूबेकमधल्या आर्थर सिकार्ड नावाच्या माणसाला. दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा. हिवाळ्यात रस्ते बुजले की दूध नासायचे. १८९४ साली, अठरा वर्षांचा असताना, त्याने शेतातले मळणीयंत्र पाहिले. फिरती पाती कणसे आत ओढून घेतात आणि दाणाभुसा वेगळा करून बाहेर टाकतात. मग बर्फाला हेच का करू नये? हा प्रश्न त्याने तीस वर्षे उराशी बाळगला. १९२५ साली त्याचे यंत्र उभे राहिले आणि १९२७ साली ते माँट्रियलशेजारच्या उट्रमाँ नगराने विकत घेतले. ते होते ट्रकवर बसवलेले अजस्र धूड. दारात वापरायची, मागून चालत हाकायची यंत्रे आली ती नंतर. विस्कॉन्सिनमधल्या ब्रिलियन या गावी एरियन्स कारखान्याने असे आपले पहिले यंत्र १९६० साली काढले. आज त्या मुलखात ही यंत्रे घरोघरी दिसतात.

यंत्राची रचना मला समजली ती सोऱ्यामुळे. दिवाळीत चकल्या-शेव पाडायचा आपला पितळी सोऱ्या आठवा. दांडा फिरवला की मळसूत्र पुढे सरकते आणि पिठाला पुढे रेटते. बर्फाच्या यंत्राला पुढच्या अंगाला रुंद तोंड असते आणि त्या तोंडात आडव्या दांड्यावर अशीच दोन मोठी मळसूत्री पाती असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघांचे पीळ उलटसुलट, त्यामुळे दोन्हीकडचा बर्फ मध्यभागी ढकलला जातो. तिथे मागे एक जोरकस पंखा असतो. तो बर्फ घेतो आणि वरच्या नळकांड्यातून वीस-तीस फूट लांब भिरकावून देतो. आता गोम अशी की पंखा फार वेगाने फिरायला हवा आणि पाती अगदी सावकाश. शिवाय पंख्याचा दांडा मागून पुढे जातो तर पात्यांचा दांडा आडवा असतो. ही दोन्ही कामे, वेग कमी करणे आणि दिशा बदलणे, पात्यांच्या मधोमध बसवलेली नारळाएवढी एक लोखंडी पेटी करते. तीच गिअरची पेटी. तिच्यात पोलादी मळसूत्र असते आणि त्याला लागून एक दातेरी चाक. आमच्या यंत्रात मळसूत्राच्या दहा फेऱ्या होत तेव्हा चाकाची एक होई. या मळसूत्राला इंग्रजीत 'वर्म' म्हणतात, म्हणजे किडा. मराठी कानाला मात्र तो शब्द निराळाच लागतो. आणि झालेही होते तसेच. घाव वर्मी बसला होता.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रात्रभर बर्फ पडला होता. पहाटे पोऱ्या आला आणि त्याने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राची सुरळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आवारात फेकली. तिच्यावर आणखी बर्फ पडला आणि ती गोठून लाकडाच्या ओंडक्यासारखी झाली. दाजींनी यंत्र घातले ते नेमके तिच्यावर. सुरळी पाते आणि पत्रा यांच्यामध्ये पाचरीसारखी घुसली. पाते जागच्या जागी थांबले. मागे इंजिन ढकलतच होते. छापील मजकुराने इतका जोराचा परिणाम केल्याचे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही. अशा प्रसंगासाठीच तो खिळा असतो. पात्याची नळी दांड्यावर नुसती चढवलेली असते आणि दोघांना एकत्र जखडतो तो हा खिळा. पाते अडले की खिळा तुटावा, दांडा नळीतल्या नळीत मोकळा फिरू लागावा, आणि पेटीतल्या दात्यांना झळ लागू नये. मग यंत्र थांबवून अडकलेली वस्तू काठीने काढायची, नवा खिळा घालायचा आणि पुढे चालू लागायचे.

खिळा तुटला नाही. पेटीतून कर्रर्र असा आवाज आला आणि दोन्ही पाती लोंबकळल्यासारखी झाली. पंखा मात्र मागे भणभणत राहिला, जेवायला कोणी न बसलेल्या पंगतीत वाढप्याने धावत राहावे तसा.

त्यानंतर मार्चअखेरपर्यंत त्या दारातला बर्फ कोणी काढला, हा प्रश्न मी तिथे पोचेपर्यंत कोणी विचारला नव्हता. भाच्याने दूरच्या शहरातून फोन केला होता की नवे यंत्र घ्या, पैसे मी पाठवतो. दाजी म्हणाले होते की जुन्याचे लोखंड नव्यात मिळत नाही. उन्हाळ्यात दुरुस्त करू. आणि अक्का काही म्हणाली नव्हती.

अक्का काही म्हणत नाही, हे आमच्या घरात इतके जुने आहे की ते तिच्या नाकाडोळ्यांसारखे तिचे वर्णनच होऊन बसले आहे. आमच्या अण्णांचे इंजिने आणि पंप दुरुस्तीचे दुकान होते. किर्लोस्करवाडी जवळ, १९१० साली तिथे लोखंडी नांगरांचा कारखाना निघाला आणि पुढे त्या पंचक्रोशीत पाना-हातोडीचे ज्ञान बाजरीसारखे पिकू लागले. अण्णांना मुलगा नव्हता. मी अक्काहून बारा वर्षांनी धाकटी. तेव्हा अण्णांच्या हाताशी असायची ती अक्का. फ्रॉकवर तेलाचे डाग घेऊन ती त्यांना पाने द्यायची, आणि कोणता पाना हवा ते अण्णांना सांगावे लागत नसे. पुढे तिचे लग्न झाले, ती समुद्रापार गेली, नोकरी धरली, दाजींची बदली झाली तशी सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली. पाना तिने त्यानंतर हातात घेतला नव्हता. तिथे यंत्रे ही दाजींची आणि स्वयंपाकघर तिचे अशी वाटणी केव्हाच झाली होती.

पण आता दाजींचे हात कापतात. खाली वाकले की त्यांना धाप लागते. म्हणून ते स्टुलावर बसून सांगणार आणि मी करणार असे ठरले. स्पार्क-प्लगची तार काढून ठेवली, टाकीतले पेट्रोल काढले, पट्टा उतरवला, मधले बोल्ट काढले आणि यंत्राचे दोन तुकडे केले: इंजिन आणि चाके एकीकडे, तोंड दुसरीकडे. इथवर मी टिकले. मग दोन्ही पात्यांचे खिळे काढून नळ्या दांड्यावरून ओढायच्या होत्या. त्या जागच्या हलेनात. मी ओढले, दाजींनी बसल्या जागेवरून ओढले, मी हातोडीने ठोकले. आतून अक्का आली. ओला हात पदराला पुसावा तसा टीशर्टाला पुसत तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "ठोकू नकोस. नळी वाकेल. गंजाला जोर दाखवायचा नसतो, वेळ द्यायचा असतो." हे वाक्य अण्णांचे. ते तिच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

पुढचे तीन दिवस ती सकाळ-संध्याकाळ येऊन नळ्यांच्या फटीत गंज सोडवायचे तेल घाली, ब्लो-लँपने नळी शेकी, लाकडाचा ठोकळा मधे धरून हलकेच टकटक करी आणि निघून जाई. चौथ्या दिवशी डाव्या नळीतून जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज आला आणि ती बोटभर फिरली. तांबडी माती पडावी तसा गंज फरशीवर पडला.

दुरुस्तीतला माझ्या मते सर्वांत मोठा धडा इथे होता, म्हणून जरा थांबते. खिळा मऊ असला की झाले, अशी माझी समजूत व्हायला लागली होती. पण ते तेवढ्यावर भागत नाही. नळी दांड्याला गंजाने धरली असेल तर खिळा तुटून पडला तरी काही फरक होत नाही. गंजच खिळ्याचे काम करू लागतो. पाती फिरत राहतात, आपल्याला वाटते सगळे ठीक आहे, आणि तुटलेल्या खिळ्याचे दोन तुकडे बर्फात कुठेतरी पडून गेलेले असतात. म्हणून दर हंगामाच्या आधी खिळे काढायचे, नळीत ग्रीस भरायचे, पाते हाताने गरगर फिरते की नाही ते पाहायचे आणि मगच खिळे पुन्हा घालायचे. तुटणाऱ्याने तुटावे एवढे पुरेसे नाही. तो तुटला हे कळेल इतकी जागा बाकीच्यांनीही ठेवायला हवी.

काढलेले दोन खिळे अक्काने चिंधीने पुसले, चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरले आणि माझ्याकडे दिले. त्यांच्या माथ्यावर सहा-सहा रेघा कोरलेल्या होत्या. तिकडे बोल्टाच्या माथ्यावरच्या रेघांवरून त्याचा कणखरपणा ओळखतात. रेघ नसलेला साधा, तीन रेघांचा मजबूत, सहा रेघांचा सर्वांत कठीण. ते खिळे नव्हतेच. ते कडक पाणी दिलेले पोलादी बोल्ट होते.

"मीच घातले," दाजी स्टुलावरून म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी. सारखे तुटायचे."

यात त्यांना दोष द्यायला मला जीभ उचलत नाही. सरकारी नांगर रस्ता साफ करीत जातो तेव्हा प्रत्येक घराच्या तोंडाशी कठीण, ओल्या बर्फाचा बांध टाकून जातो. खिळे तुटतात ते त्या बांधात. पहाटेचा अंधार, शून्याखाली पंधरा अंश, हातमोजा काढल्याशिवाय खिळा धरता येत नाही आणि काढला की बोटे धरत नाहीत. तुटलेला तुकडा भोकात अडकून बसलेला. छातीवर टाक्यांचा व्रण असलेला सहासष्ट वर्षांचा माणूस गुडघ्यावर बसून तो तुकडा ठोकून काढतो आहे. त्याने एक दिवस दुकानात जाऊन म्हटले की पुन्हा तुटणार नाही असे काहीतरी द्या, तर ते किती माणसासारखे आहे!

मग पेटी उघडली. बोल्ट काढून दोन अर्धे वेगळे केले तेव्हा आतून काळा, दाट काला बाहेर आला आणि त्यात सोन्याचा वर्ख खलावा तशी चमक होती. मी "किती सुंदर!" म्हणून गेले. अक्का म्हणाली, "ते चाक आहे." चाकाचे चाकपण त्या तेलात विरघळून आले होते. ते चाक कांस्याचे असते. आपल्याकडे तळपायाला घासायची काशाची वाटी असते ना, त्याच घराण्यातला धातू. मळसूत्र पोलादी आणि चाक कांस्याचे हे मुद्दाम. मळसूत्र दात्यांवरून सारखे घसरत असते. दोन्ही पोलादी असती तर एकमेकांना ओरबाडून दोघेही खलास झाले असते. म्हणून एकाला मऊ ठेवायचे आणि झीज त्याने सोसायची. काला धुऊन पाहिले तेव्हा पोलादावर ओरखडाही नव्हता. चाकाचे दाते मात्र सुरीच्या पात्यासारखे पातळ झाले होते आणि एका बाजूला तर मुळापासून गेले होते. पेटीतले तेलही निम्मे होते. बाजूच्या सीलमधून ते वर्षानुवर्षे ठिबकत असले पाहिजे.

सुटा होणारा प्रत्येक भाग मी वर्तमानपत्रावर ओळीने मांडीत गेले, खाली आकडे लिहिले. वॉशर, बेअरिंग, वॉशर, अर्धचंद्रासारखी चावी. बालवर्गाची सवय उपयोगी पडली. पोरांना डबे ओळीने ठेवायला शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. नवे चाक, सील, बेअरिंग आणि गॅस्केट यांची मागणी नोंदवली. इतक्या जुन्या यंत्राचे भाग अजून मिळतात याचे मला नवल वाटले. ते यायला आठवडा होता.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी अक्का आणि मी तळ्याकाठी फिरायला गेलो. तिने उजवा हात खांद्यापाशी धरला होता. मी विचारले तेव्हा म्हणाली, "फावड्यानं." मग थोडे चालल्यावर आपणहोऊन म्हणाली, "पाचला उठायचे. यांना जाग आली तर हे बाहेर येतील म्हणून." पुढे एक तीन मजली इमारत होती. तिच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "इथं बर्फ इमारतीचेच लोक काढतात. दोन खोल्या, लिफ्ट. खाली वाचनालय आहे. मी आत जाऊन बघून आले." एखाद्या मुलीने शाळा चुकवून सिनेमा पाहिल्याचे सांगावे तसे तिने ते सांगितले.

मी म्हटले, "मग ते मशीन नीट झालं तर?"

"तर इथंच," ती म्हणाली.

आठवड्याने खोके आले. मी अक्काच्या हातांकडे पाहत होते. चाक उलटे बसवता आले असते. वॉशर एक कमी घालता आला असता. कोणाला कळले नसते, आणि डिसेंबरात ते यंत्र आपोआप बंद पडले असते. पण तिच्या हातांना ते येतच नव्हते. तिने सीलचा ओठ तेलाच्या बाजूला आहे ना ते दोनदा पाहिले, लाकडी ठोकळ्याने सारखा ठोकत तो बसवला, चावी तिच्या खाचेत दाबली, गॅस्केटवर पेटी मिटवली आणि बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळत नेले. मधेच दांडा फिरवून पाही. नव्वद नंबरचे जाड तेल तिने भोकाच्या काठापर्यंत भरले. पिवळ्या धातूला खाणार नाही असेच तेल तिने मागवून घेतले होते. मग दांड्याला ग्रीस, वर नळ्या, नळ्यांतही ग्रीस. शेवटी मऊ खिळे. रेघ नसलेले. ते तिने माझ्याकडून घालून घेतले.

यंत्र जोडले, दाजींनी दोरी ओढायला हात पुढे केला, अक्काने तो बाजूला सारला आणि स्वतः ओढली. इंजिन सुरू झाले. पाती सावकाश, डौलाने फिरू लागली. मे महिन्याच्या उन्हात, हिरवळीपुढे, काहीही न उडवता ते यंत्र चालत होते आणि आम्ही तिघे गणपतीपुढे उभे राहावे तसे त्याच्यापुढे उभे होतो.

यंत्र बंद केल्यावर दाजी खुशीत म्हणाले, "आता दहा वर्षं बघायला नको."

"दहा नाही," अक्का म्हणाली. "एक."

"म्हणजे?"

"एक हिवाळा. मग घर विकायचं. मशीनसकट. मोडकं कोणी घेतलं नसतं, आता घेतील."

दाजी चिंधीने हात पुसत राहिले. पुसण्यासारखे त्यांच्या हाताला काही नव्हते. "हे तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. २०१७ ला बोलले. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा बोलले. तुम्ही हं म्हणालात."

पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग दाजींनी विचारले, "या हिवाळ्यात किती वेळा काढलास बर्फ?"

"बावीस."

तिने मोजले होते. दाजी उपड्या बादलीवर बसले. मला तिथून आत जावेसे वाटत होते आणि पाय हलत नव्हते. ती बावीस वेळा पहाटे पाचला त्या अंधारात एकटी उभी राहिली होती आणि घरातली पाती आपली फिरत होती. चहा वेळेवर होत होता, गाडी बाहेर निघत होती. कोणाला काय कळणार? चांगुलपणाने माणसे एकमेकांना धरून ठेवतात असे आपण म्हणतो. खरे आहे. पण कधी कधी धरून ठेवले आहे ते प्रेमाने की गंजाने, हे एकदा नळी फिरवून पाहिल्याशिवाय समजत नाही.

दाजी वाईट माणूस नाहीत. कुणाला या लेखात तसे वाटले तर माझ्या लेखणीचा दोष. त्या रात्री त्यांनी स्वतः कॉफी केली, अक्काच्या खांद्याला शेक द्यायची पिशवी गरम करून आणली, आणि सहा रेघांचे ते दोन बोल्ट एका डब्यात घालून वर फळीवर ठेवले. टाकले नाहीत. मी विचारले तर म्हणाले, "असू देत. दुसरीकडे कुठं लागतील." पोलादाला त्याची जागा असतेच. ती पात्याच्या नळीत नसते एवढेच.

मी जूनमध्ये परत आले. शाळा सुरू झाली. यंदा बालवर्गात एक मुलगा आहे. त्याच्याकडून कोणीही काहीही घेतले तरी तो देतो. पूर्वी मी त्याला शहाणा मुलगा म्हणून सगळ्यांपुढे उभा केला असता. आता मी त्याच्याजवळ जाऊन बसते आणि विचारते, "तुला ते हवं होतं का रे?" तो अजून उत्तर देत नाही. पण विचार करू लागला आहे.

परवा अक्काचा फोन आला. तिकडे झाडे पिवळी होऊ लागली आहेत. एप्रिलमध्ये घर दाखवायला काढायचे असे ठरले आहे. दाजी एकदा जाऊन त्या इमारतीतल्या खोल्या बघून आले. खिडकी लहान आहे म्हणाले, पण नको म्हणाले नाहीत. दर पंधरा दिवसांनी गॅरेजमध्ये जाऊन ते खिळे काढतात, पाती हाताने फिरवून पाहतात आणि पुन्हा घालतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी एवढे कोणी करीत नाही, पण अक्का त्यांना अडवत नाही. खिळे दोन डझन आणून ठेवले आहेत. एवढ्यांत एक हिवाळा आरामात निघतो.